सुलोच्या रिळाचा ड्रॅग

१

सकाळी कॉफी उकळायला ठेवायची, वेलदोड्याच्या पावाचे दोन जाड तुकडे कापायचे आणि काचेच्या पडवीत बाकड्याशी जाऊन बसायचं, हा माझा क्रम आहे. समोर तळं, डाव्या हाताला होडीचा धक्का, उजवीकडे आमची सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली. तिची लाकडं धुराने काळी पडली आहेत. बाकड्यावर लोकांची जुनी रिळं असतात. माझा नवरा ओन्नी लोखंडाच्या खाणीतून निवृत्त झाला, तेव्हा गावातल्या बायकांनी मला भीती घातली होती की आता हा दिवसभर घरात पायात पायात येईल. तसं काही झालं नाही. ओन्नी तळ्यावर असतो, मी पडवीत असते. आमचं छान चाललंय.

गोड्या पाण्यातल्या माशांसाठी गळाच्या काठीला लावतात ती लहान रिळं मी दुरुस्त करते. नवी मला आवडत नाहीत. ती सगळं स्वतःच करतात आणि माणसाला काही कळू देत नाहीत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं रीळ हातात घेतलं की कळतं, ज्याने बनवलं तोही कधीतरी मासे धरायला जात असणार. अशा रिळात तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, कोणतं भरायचं, यावर मी लोकांशी भांडले आहे. हल्ली सगळ्यांना विणलेला दोरा हवा असतो, कारण तो तुटत नाही. पण तो जुन्या रिळाच्या पितळेवर करवतीसारखे चरे पाडतो. जुन्या रिळाला साधं, मऊ, बारीक तंगूस शोभतं. चार पौंडांचं, फार तर सहा.

आणि ड्रॅग. रिळाच्या तोंडावर एक चकती असते. ती पिळली की तंगूस गुंडाळलेली फिरकी आवळली जाते. सैल केली की मासा ओढेल तसं तंगूस टक टक करत सुटतं. त्या चकतीलाच ड्रॅग म्हणायचं. पुरुषमाणसं इथे हमखास चुकतात. त्यांना वाटतं, आवळला की झालं. अरे बाबा, तंगूस चार पौंडांना तुटत असेल तर ड्रॅग एका पौंडाला सुटायला हवा. मासा पळू दे, दमू दे, मग येतो आपोआप. ओढ मोजायच्या तानकाट्याला अडकवून मी प्रत्येक रीळ लावून देते, आणि तरी घरी जाऊन ते आवळणारच, हेही मला ठाऊक असतं.

संध्याकाळी उठण्याआधी मी बाकड्यावरच्या एकूणएक रिळाचे ड्रॅग पूर्ण सैल करते. आतल्या लोकरीच्या चकत्या रात्रभर दाबून राहिल्या तर चपट्या होतात आणि मग ड्रॅग झटके देतो. हे झालं कामाचं कारण. दुसरं कारण आमच्या तळ्याकाठच्या लोकांचं. इथे माणूस गेला की दफनानंतरची कॉफी होते, आणि लोक उठायच्या आत घरातलं सगळ्यात जवळचं माणूस त्याचं रीळ घेतं आणि ड्रॅग पूर्ण सोडतं. कुणी काही बोलत नाही. तेवढी एक टकटक ऐकू येते आणि मग सगळे कोट घालतात. तसं का करायचं, हे मी कधी विचारलं नाही. आईने बाबांचं केलं, मी आईचं केलं.

२

बर्फ वितळून तळं मोकळं झालं त्या आठवड्यात लेम्पी आली. लेम्पी सुलोची बायको. सुलो आणि ओन्नी पहिलीपासूनचे मित्र आणि एका होडीतले. वल्ही सुलोकडे आणि बडबड ओन्नीकडे, अशी त्यांची वाटणी होती.

मागच्या पानगळीत सुलो एकटाच होडी घेऊन गेला. त्या दिवशी ओन्नीला दाढ काढून घ्यायची होती. संध्याकाळी होडी सापडली, सुलो नाही. काठी बाकाखाली अडकलेली होती आणि तंगूस ताणलेलं, सरळ पाण्यात गेलेलं. शोधायला आलेल्यांनी ते कापलं आणि होडी ओढून आणली. मग तळं गोठलं. सुलो मिळालाच नाही. दफन नाही म्हणून कॉफी नाही, आणि कॉफी नाही म्हणून रीळ तसंच राहिलं.

तेच रीळ लेम्पीने ओट्याच्या फडक्यात गुंडाळून आणलं होतं. फ्रान्सचं, काळं, थोडं अंड्यासारखं. हँडलची मूठ सुलोच्या बोटांनी झिजलेली. ती म्हणाली की हे ओन्नीसाठी आहे. मेल्या माणसाचं रीळ त्याच्या होडीतल्या सोबत्याला द्यायचं, तेवढी रीत तिने पाळली होती. त्याच्या आधीची पाळली नव्हती.

"नीट साफ कर, तंगूस नवं भर," ती म्हणाली. "ड्रॅगला मात्र हात लावू नकोस. त्याने लावलाय तसा असू दे."

मी चकतीवर अंगठा ठेवून पाहिला. हलेना. सुलो नेहमीच ड्रॅग दगडासारखा आवळायचा. आयुष्यभर मी त्याला त्यावरून बोलले आणि आयुष्यभर तो मान हलवून हो म्हणाला.

लेम्पी कॉफी प्यायली, माझ्या पावात वेलदोडा कमी पडलाय म्हणाली आणि गेली. संध्याकाळी मी इतर रिळांबरोबर तेही सैल केलं. रिकाम्या फिरकीखाली चकत्या चिरडू देणं मला जमत नाही, मग ते कुणाचंही असो. सकाळी परत आवळून ठेवू, तिला काय कळणार, असा विचार केला.

सकाळी ते आवळायची गरज पडली नाही.

३

आधी मला ओन्नीचाच संशय आला. तो कुठल्याही वस्तूला हात लावल्याशिवाय राहत नाही. घड्याळं, नळ, माझी शिवणाची कात्री, सगळ्याचं त्याने भलं केलेलं आहे. मी विचारलं तर म्हणाला की त्याने रीळ बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशीही ते आवळलेलं होतं. मग मी थंडीचा विचार केला. रात्री पडवी गारठते, धातू आखडतो, चकती घट्ट बसत असेल. पण शेजारचं तसलंच दुसरं फ्रेंच रीळ सैल ते सैलच होतं.

"तूच झोपेत उठून करत असशील," ओन्नी म्हणाला.

"आणि तुझं घोरणं ऐकून परत येऊन झोपत असेन."

तो हसला. मीही हसले. आमच्या घरात गोष्टी अशाच मिटतात.

तरी दोन-तीन दिवस मी ते रीळ सावकाश उघडून पाहिलं. आतली दातेरी चाकं स्वच्छ होती, ग्रीस पिवळं पण मऊ. चकत्या काढून उजेडात धरल्या. स्प्रिंग बदलली. कुठेही दोष नव्हता. हे असं चांगलं रीळ माझ्या हाताखालून क्वचितच गेलं असेल. फिरवलं की आवाज म्हणून नाही. खरं सांगते, मला त्याचा लळा लागला.

४

रीळ लावून झालं की मी ते काठीवर चढवते, तंगुसाचं टोक सौनाच्या दाराच्या लाकडी मुठीला बांधते आणि पडवीच्या दारात उभं राहून ओढून बघते. बऱ्याच वर्षांत त्या मुठीवर तंगुसाने खाच पडली आहे. शनिवारी अंघोळीला आलेले पाहुणे विचारतात, हे काय. ओन्नी माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, इथे सायमा दार पकडते.

सुलोच्या रिळात चार पौंडांचं भरून मी टोक मुठीला बांधलं. दुपार होती, वारा नव्हता. ड्रॅग एका पौंडावर आणला, दोनदा ओढून पाहिलं, लोण्यासारखा सुटला. मग काठी दाराच्या चौकटीला टेकवून मी कात्री आणायला आत गेले.

स्वयंपाकघरात होते तेव्हा टकटक ऐकू आली.

झटके नव्हते. मासा ओढतो तेव्हा घाई असते. ही टकटक सावकाश होती. थोडी सुटायची, जरा थांबायची, पुन्हा थोडी. मला वाटलं, काठी घसरली असेल. बाहेर आले तर काठी जागच्या जागी होती, टोक वाकलेलं, आणि तंगूस सुटत होतं.

मग वाटलं, सौनाचं दार हललं असेल. हा विचार मी पुरता केला आणि मग माझ्या लक्षात आलं. सौनाचं दार बाहेरच उघडतं. सगळ्यांची तशीच असतात, आत कुणाला भोवळ आली तर नुसतं अंग टाकलं तरी उघडावं म्हणून. ते माझ्याकडे येईल. माझ्यापासून लांब ते जाऊच शकत नाही. आणि ते बंद होतं. मूठ जिथे असते तिथेच होती, माझी गाठ तिच्यावर.

मी पाहत उभी राहिले तेव्हा टकटक थांबली. फिरकीवरचं तंगूस चांगलंच कमी झालं होतं. मग सुटलेलं गेलं कुठे? पडवीपासून मुठीपर्यंत ते ताठ होतं, खाली कुठे लोंबत नव्हतं. मी गुंडाळायला घेतलं. बराच वेळ गुंडाळलं, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. आणि शेवटी जे माझ्या बोटांतून आलं ते ओलं होतं. त्याला तळ्याच्या तळाचा वास होता, तो कुजलेल्या पानांचा, लोखंडी. सौना शनिवारपासून तापवलेली नव्हती आणि पाऊस झाला नव्हता.

मी हात साबणाने धुतले. ओन्नीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, अगं, दव असेल.

५

ओन्नीला ते रीळ लवकरात लवकर पाण्यावर न्यायचं होतं. वॉलआय मासे काठाजवळ आले होते. तो जेवताना त्या रिळाबद्दल बोलायचा, झोपताना बोलायचा. सुलो गेल्यापासून त्याने होडीतली मागची फळी रिकामी ठेवली होती. दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हता.

"ते हातात असलं की तो बरोबर असल्यासारखं वाटेल," तो म्हणाला. "दाढ काय, दुसऱ्या दिवशीही काढता आली असती."

हे तो इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलला होता. मी त्याला नाही कसं म्हणणार होते?

त्याला सहा पौंडांचं तंगूस हवं होतं, मजबूत. मी हो म्हटलं आणि दुसरंच भरलं. खिडकीच्या फळीवर तंगुसाची एक जुनी रिळी होती, कित्येक उन्हाळे ऊन खाल्लेली. दिसायला ठीक, पण तानकाट्यावर ओढून पाहिलं तर तंगूस दोन पौंडांनाच तुटत होतं. ते मी सुलोच्या फिरकीवर काठोकाठ चढवलं. ड्रॅग मात्र सकाळी सापडला होता तसा दगडासारखा आवळलेलाच ठेवला. मी आजवर लोकांना जे जे करू नका म्हणून सांगत आले, ते सगळं एका रिळात केलं. गिऱ्हाइकाला असं दिलं असतं तर त्याने माझ्या तोंडावर फेकलं असतं. पण मला हिशेब सरळ वाटत होता. काहीही ओढू लागलं तरी लगेच तुटेल. ओन्नी चिडेल आणि घरी येईल.

मी पडवीतून बघत होते. तो धक्क्यापासून फार लांब गेला नाही. गळ टाकला, बसला, टोपी मागे सारली. मग काठी वाकली. तो उभा राहिला नाही, त्याला तेवढी अक्कल आहे. आणि होडी चालायला लागली.

वारा तळ्यावरून आमच्याकडे येत होता. होडी त्याच्या उलट जात होती. हळूहळू, थोडी जायची, जरा थांबायची, पुन्हा थोडी. ओन्नीची पाठ माझ्याकडे होती. वल्ही आत ठेवलेली मला स्पष्ट दिसत होती. माझ्या हातातला पेचकस खाली पडला, तो मी उचलला नाही.

मग तंगूस तुटलं. काठी सरळ झाली, होडी थांबली आणि वाऱ्याने परत फिरली. मी तिथेच बाकड्यावर डोकं टेकलं. मला इतकं हायसं वाटलं होतं की रडू आलं.

ओन्नी आला तो धुसफुसत. बायको रिळं दुरुस्त करते आणि नवऱ्याच्या हातात कोळिष्टक देते, असं बरंच काही. मग कॉफी प्यायल्यावर शांत झाला.

"मोठा होता, सायमा. पण गडबड नाही, झटका नाही. तुला माहितेय कसं ओढत होता? सुलो वल्हवायचा ना, तसा."

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंदच म्हणावं लागेल.

६

संध्याकाळी मी ते रीळ पुन्हा सैल केलं. फिरकीवर तुटून उरलेलं तंगूस होतं, तेवढंच ठेवलं.

सकाळी कॉफी घेऊन आले आणि आधी तिकडेच गेले. इतके दिवस मला ते आवळलेलं सापडत होतं. आज अंगठा ठेवला तर चकती सहज फिरली. मला बरं वाटलं. झालं एकदाचं, मी म्हटलं. पूर्ण सैल म्हणून मी तंगूस ओढलं, तर ते पूर्ण सैल नव्हतं.

मी तानकाटा घेतला, टोक अडकवलं, सावकाश ओढलं. अर्ध्या पौंडाला ड्रॅग सुटला. पुन्हा ओढलं, पुन्हा तिथेच. लोण्यासारखा.

दोन पौंडांना तुटणाऱ्या तंगुसाला अगदी हाच ड्रॅग लागतो. मी लावला असता तर इथेच लावला असता. पण ओन्नीने कितीही कोळिष्टक म्हटलं तरी त्याच्या समजुतीने त्यात सहा पौंडांचंच तंगूस होतं. लेम्पीला तर त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ते किती कच्चं आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरा तो, ज्याच्या टोकाला ते तुटलं.

सुलोला मी आयुष्यभर सांगत आले होते की आवळू नकोस, तुटेल. त्याला ते आता पटलं होतं.

मी रीळ काठीसकट तळघरात नेलं आणि बटाट्यांच्या खोक्यामागे उभं केलं. चकतीला हात लावायची मला हिंमत झाली नाही. मी सोडून उपयोग नव्हता, मी सुलोची कुणी नव्हते. ओन्नी झोपलेला होता. मी गाडी काढून लेम्पीकडे गेले.

७

लेम्पी रताळ्याच्या रंगाचा जुना स्वेटर घालून ओट्याशी उभी होती. मी सगळं सांगितलं. ऐकताना तिने एकदाही मला वेडी म्हटलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"सोड तो ड्रॅग," मी म्हटलं. "तुझ्या हाताने सोड."

"मी सोडला म्हणजे तो गेला, असं मी म्हटल्यासारखं होईल."

"तो गेलाय, लेम्पी."

"कुठे गेलाय? तूच आत्ता सांगितलंस ना, तो आहे म्हणून." ती खुर्चीवर बसली. बराच वेळ फडक्याची घडी घालत राहिली, उलगडत राहिली. मग म्हणाली, "एकटं बसणं त्याला कधी जमलंच नाही. होडीतसुद्धा."

आणि उठून तिने कोट घातला.

आम्ही पोचलो तेव्हा घराचं मागचं दार उघडं होतं. तळघराचा दिवा चालू होता. बटाटे खोक्यातून काढून नीट एका बाजूला रचून ठेवले होते. ओन्नीला वस्तू शोधायला लागतात तेव्हा तो असंच करतो. टेबलावर त्याचा कॉफीचा पेला होता, खाली थोडी उरलेली, अजून कोमट.

धक्क्यावर गेलो. होडी बरीच पुढे होती. ऊन स्वच्छ होतं, मला त्याच्या टोपीची पट्टीसुद्धा दिसत होती. काठी वाकलेली, वल्ही आत. होडी वाऱ्याच्या उलट चालली होती, थोडी जायची, जरा थांबायची, पुन्हा थोडी. आणि प्रत्येक वेळी पाण्यावरून ती टकटक येत होती.

मी हाक मारली. त्याने मान वळवली. मला बघून त्याला आनंद झाला, तो मला इथपर्यंत दिसला.

"सायमा, आज अगदी जमलाय बघ," तो ओरडला. "इतका छान ड्रॅग तू आयुष्यात लावला नव्हतास."

"सोड ती काठी," मी ओरडले. "ओन्नी, काठी सोड."

त्याने कानाला हात लावला, ऐकू येत नाही अशी खूण केली आणि हसला. लेम्पीने माझा दंड धरला. ती ओन्नीकडे बघत नव्हती. ती होडीकडे बघत होती, आणि मग मीही ते पाहिलं. ओन्नी पुढच्या फळीवर बसला होता. एकटा माणूस पुढे बसला की होडीचं तोंड खाली जातं. पण ही होडी मागच्या बाजूला दबली होती. मागची कड पाण्याला लागायला आली होती. ओन्नीने मान वळवून त्या रिकाम्या फळीकडे काहीतरी म्हटलं आणि स्वतःच हसला, विनोद केल्यावर हसतो तसा.

मग होडी पाण्यात शिरलेल्या झाडीच्या टोकामागे गेली. टकटक त्यानंतरही थोडा वेळ ऐकू येत होती.

८

शेजाऱ्यांच्या मोटारबोटीने आम्ही गेलो तेव्हा होडी एका जागी उभी होती. आत टोपी होती, डबा होता, मांस भरलेला पाव अर्धा खाल्लेला. काठी बाकाखाली अडकलेली होती आणि तंगूस ताणलेलं, सरळ पाण्यात गेलेलं. मदतीला आलेल्या एकाने चाकू काढला. मी त्याचा हात धरला. काय बोलले ते मला आठवत नाही, पण त्याने चाकू ठेवून दिला.

काठी मी हातात घेतली आणि घरापर्यंत तंगूस सोडत आणलं. फिरकी रिकामी व्हायला आली तशी त्याला शेजाऱ्यांच्या काठीवरचा विणलेला जाड दोरा जोडला. हो, तोच. पितळेवर चरे पडतील तर पडोत. तो तुटत नाही.

चर्चमध्ये ओन्नीसाठी कॉफी झाली. मिळालेला नसला तरी करावी, असं पाद्रीबाबांचं म्हणणं पडलं. शेवटी सगळे माझ्याकडे बघत थांबले. मी म्हटलं, रीळ घरी राहिलंय. ते कोट घालून गेले.

आता ते बाकड्यावर शेगड्याच्या लोखंडी पकडीत पक्कं बसवलेलं आहे. दोरा खिडकीच्या फटीतून बाहेर जातो, सौनाजवळून, धक्क्यावरून, पाण्यात. दुपारी लेम्पी येते. पावात वेलदोडा आता बरोबर असतो, असं तिचं म्हणणं आहे. ती विचारते, मी जरा धरू का, आणि मी तिला धरू देते. मला आता ओढी ओळखता येतात. सावकाश येते, जरा थांबते, ती सुलोची. मध्येच एखादा हलका झटका बसतो तो ओन्नीचा. त्याला धीर कधी नव्हताच. लेम्पी आणि मी एकमेकींकडे बघून हसतो. आम्ही दोघी सुखात आहोत, हे कुणाला पटणार नाही, पण तसं आहे.

संध्याकाळी मी बाकीच्या सगळ्या रिळांचे ड्रॅग सैल करते. त्याच्यापाशी आले की चकतीवर हात ठेवते. त्या कॉफीच्या दिवशी लेम्पीने मला विचारलं होतं, सोडू या का? मी म्हटलं, अजून नको. तिने पुन्हा विचारलेलं नाही. सकाळी ड्रॅग मी ठेवलेल्यापेक्षा जास्त आवळलेला असतो, रोज थोडा जास्त. टोकाचं कच्चं तंगूस केव्हाच तिकडे ओढलं गेलंय, आता दोराच त्यांच्या हाती आहे, आणि तो कोणता आहे हे तिकडे कळलेलं आहे.

बाकडं जड आहे, ओन्नीने ओकच्या फळ्यांचं बनवलं होतं. तरी ते सरकतंय. जमिनीवर त्याच्या पायांचे चरे उमटले आहेत, तळ्याच्या दिशेने. माझ्या खुर्चीचेही आहेत, आणि खुर्चीला तर काही बांधलेलंसुद्धा नाही. आज सकाळी बाकडं खिडकीला टेकलेलं होतं.

त्या बाजूची काच काढून ठेवावी म्हणते. हवाही चांगली पडली आहे, आणि उगाच फुटायला नको.